पिवळं जाकीट

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात शांती नगरच्या बस स्टॉपवर माझ्यापुढे रांगेत बाप-लेक उभे होते. लेकीच्या हातात डायव्हिंगच्या सामानाचा कॅटलॉग होता.

"क्षितिजा, हे मोठं जाकीट घे. जास्त हवा मावेल, जास्त तरंगशील."

"अप्पा, लक्षद्वीपला मी तरंगायला नाही, समुद्राच्या तळाशी जायला चाललेय."

"तेच म्हणतोय. मग वर कशी येणार?"

"जाकिटात थोडी हवा भरली की हळूहळू वर येता येतं. आणि तिथलं पाणी गरम, म्हणून अंगात पातळ सूट. तो कमी तरंगतो, म्हणून बुडायला कमरेला बांधायची वजनंही कमी, आणि ती पेलायला हवाही कमीच लागते. एवढं मोठं जाकीट नुसतं फडफडत राहील."

"छोटं पुरेल? नक्की?"

"डायव्हिंग शिकवणाऱ्या सरांनी हिशोब करून सांगितलंय."

"बरं, छोटं घे. पण काळं नको. हे पिवळं घे."

"खाली माशांना रंगाचं काय हो?"

"माशांना नाही गं, मला. आठ दिवसांची रजा टाकलीय. मी बोटीत बसणार. तू वर आलीस की लांबून दिसायला हवीस."

"तुम्ही? वरसाव्याच्या पुलावर पाणी दिसलं की बसमध्ये डोळे मिटून घेता!"

"तिथे उघडे ठेवीन."