खुंटावरचा ठसा

नीना : बाबा, उठा बरं त्या खुर्चीवरून! येणारेजाणारे बघतायत. नॉटिंगहॅमच्या या थंडीत माकडटोपी घालून झाडाखाली ठिय्या दिलाय. आणि हातात माझं लाटणं! अख्खं किचन पालथं घातलं मी सकाळपासून.

दीनानाथ : मी उठत नसतो. आठला ती करवतवाली माणसं येतील. त्यांना म्हणावं, आधी म्हाताऱ्याला कापा, मग झाडाला.

नीना : सासरे आहात म्हणून ऐकून घेते हं! पोळ्या काय मी हातानं थापू?

दीनानाथ : थाप की! आलापल्लीच्या जंगलात बावीस वर्षं रेंजर होतो, हातानं थापलेल्या भाकरीवरच जगलो. ऐक इकडे. ठक्! ऐकलंस? पोकळ असतं तर रिकामा डबा बडवल्यासारखं वाजलं असतं. हा ओक भरीव आहे बापा, शंभर टक्के भरीव!

नीना : ते मला काय सांगता? आपल्या कस्तुरीला सांगा. तिचंच काम आहे ना झाडं तपासायचं? ती बघा, आलीच धावत.

कस्तुरी : आजोबा! ओ माय गॉड, खरंच बसलात? झाडं कापणाऱ्या टीमचा कॉलिन इथून गेला, त्यानं फोन केला मला. म्हणाला, तुझा ग्रँडड झाडाला रोलिंग पिननं मारतोय!

दीनानाथ : मारत नाही, विचारतोय. तू विचारलं होतंस?

कस्तुरी : आजोबा, प्लीज. लिस्ट फायनल झालीय. हा ओक आतून पोकळ आहे, असं लिहिलंय. म्हणून तो ऑरेंज डॉट. खाली माझा सही आहे.

दीनानाथ : म्हणून तर बसलोय. दुसऱ्या कुणाची सही असती तर घरी पोहे खात बसलो असतो. खरं सांग, ठोकून पाहिलंस हे झाड?

कस्तुरी : त्या दिवशी पाऊस होता.

दीनानाथ : मी पावसाचं विचारलं नाही.

कस्तुरी : नाही ठोकला. व्हॅनमधून बघितला. प्लॅनमध्ये थर्टी झाडं होते, मार्चएंडपर्यंत. मला ट्वेंटी-एट मिळाले, खरंच डेंजरस होते ते. बॉस म्हणतो, प्लॅन म्हणजे प्लॅन, थर्टी पाहिजे. मी अजून प्रोबेशनवर आहे ना! मग हा ओक टाकला. आणि शाळेमागचा बीच ट्री.

नीना : कस्तुरी! अगं लाज वाटली नाही? दोन चांगली उभी झाडं...

दीनानाथ : तिला ओरडू नकोस नीना. रक्त माझंच आहे.

कस्तुरी : म्हणजे?

दीनानाथ : म्हणजे मीही हेच केलंय. त्र्याऐंशी साल. पंचवार्षिक योजनेचा जमाना. दिल्लीत आकडा ठरायचा, तो पायरी पायरी उतरत माझ्या टेबलावर यायचा. मार्चएंडपर्यंत इतके घनमीटर सागवान द्या! जंगलात तेवढं आहे का, हे कुणी विचारायचं नाही. त्या साली मला आकडा कमी पडला. बियांसाठी राखलेले जुने साग होते, त्यांना हात लावायचा नसतो. मी त्यांच्यापुढे 'पोकळ' लिहिलं आणि हातोडा हाणला.

कस्तुरी : हातोडा कशाला?

दीनानाथ : आमच्याकडे तुझ्यासारखा रंगाचा टिपका नव्हता. तोडायच्या झाडावर हातोड्यानं ठसा उठवायचा, दोन ठिकाणी. एक छातीच्या उंचीवर, एक पार बुडाशी. वरचा ठसा लाकडाबरोबर डेपोत जातो. खालचा खुंटावर राहतो, कुणी तोडायला लावलं ते कळावं म्हणून. माझा नंबर होता सात.

नीना : बाबा, हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

दीनानाथ : कोणत्या तोंडानं बोलू? पेंटा नावाचा मजूर होता. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोकलं त्यानं आणि म्हणाला, साहेब, हा भरीव आहे. मी म्हटलं, तोड. पडला. आत किडीचं एक भोक नव्हतं गं! आकडा पुरा केला म्हणून मला शाबासकी मिळाली. आणि पुढची सहा वर्षं मी त्याच खुंटावरून रोज जायचो. सात, सात, सात.

कस्तुरी : पण आजोबा, माझा जॉब गेला तर?

दीनानाथ : गेली तर गेली नोकरी! नाही, खोटं बोललो. गेली तर मला फार वाईट वाटेल पोरी. पण तू या रस्त्यानं रोज येणार आहेस, ते मला जास्त लागतंय.

नीना : ती बघा, करवतवाल्यांची व्हॅन वळली. कस्तू, काय करायचं ते आत्ता कर.

कस्तुरी : थांबा. बॉसला फोन करते.

(कस्तुरी फोन घेऊन पलीकडच्या फुटपाथवर जाते. पाच मिनिटांनी परत येते.)

नीना : काय म्हणाला?

कस्तुरी : खूप ओरडला. मग मी पण ओरडले! सांगितलं, दोन झाडं मी न बघता टाकले, माझं चुकलं. ट्वेंटी-एटच आहेत, ट्वेंटी-एटच लिहा. मग म्हणाला, दोन्ही झाडं टेस्ट करा. कॉलिनच्या व्हॅनमध्ये टेस्टचं ड्रिल आहे, सुईसारखं बारीक. लाकूड चांगलं असेल तर कागदावर रेघ वर राहते, पोकळ असेल तर धाडकन खाली येते. खाली आली तर आज कापणार. आणि मंडेला मला ऑफिसमध्ये बोलावलंय.

दीनानाथ : घाल ड्रिल! बुडाशी घाल, जिथं तुझ्या लिस्टीत पोकळ आहे तिथंच घाल!

नीना : गजानन महाराजा, सांभाळ रे बाबा.

कस्तुरी : सुरू झालं. रेघ वर आहे. अजून वर आहे. आजोबा, तुम्ही डोळे का मिटले?

दीनानाथ : तू बघ. मी ऐकतोय.

कस्तुरी : वर आहे... वर आहे... संपलं! शेवटपर्यंत वर! कॉलिन म्हणतोय, एवढा सॉलिड ओक कितीतरी वर्षांत बघितला नाही! आजोबा, सॉलिड!

नीना : अगं बाई! बाबा, जिंकलात! समोरची म्हातारी खिडकीतून टाळ्या वाजवतेय बघा!

दीनानाथ : पेंटा, ऐकतोस का रे? भरीव निघाला! यावेळी ऐकलं बघ तुझं! ए कॉलिन, थँक यू! गो होम! टेक युवर सॉ अँड गो होम!

नीना : अहो हळू, खुर्ची पडेल! रडताय काय आता?

दीनानाथ : रडू दे गं. बेचाळीस वर्षांचं साठलेलं आहे. कस्तुरी, सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर ऑफिसात.

कस्तुरी : नो वे! मी एकटी जाणार. माझी चूक, मीच बोलणार.

दीनानाथ : शाब्बास! ही खरी शाबासकी, माझी होती तशी नव्हे.

नीना : झालं ना? द्या आता लाटणं. आज पुरणपोळ्याच करते दोघांना!

कस्तुरी : आई, लाटणं आत्ता नाही मिळणार. शाळेमागच्या बीचवर अजून ऑरेंज डॉट आहे, आणि कॉलिन ड्रिल घेऊन तिकडेच निघालाय. चला आजोबा. खुर्ची पण घ्या.