उजवी कूस

सारिका: हात काढा आधी. अक्का, मी काय म्हणतेय? रुईच्या पोटावरचा हात काढा.

भिकुबाई: कसाले वरडस? नरडं दाबस का मी तिनं? पोट देखस फक्त.

सारिका: डॉक्टरांनी सांगितलंय, पोट दाबायचं नाही. आत पिल्लं असली तर त्यांना इजा होते.

भिकुबाई: डॉक्टर! मांजर दखाडाले डॉक्टरकडे गयी व्हती तू?

सारिका: मंगळवारी. बाजाराला जाते म्हणून निघाले, पिशवीत रुईला घातलं आणि पारोळ्याला जाऊन आले.

भिकुबाई: म्हंजे सासूसंगे खोटं बोलीसन गयी.

सारिका: खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का तुम्ही?

भिकुबाई: मंग काय सांगं तुना डॉक्टरनी?

सारिका: सड गुलाबी झालेत, म्हणजे दिवस गेलेले असू शकतात म्हणाले. पण आत्ताच खात्रीनं सांगता येत नाही. दहा दिवसांनी परत आणा.

भिकुबाई: दहा दिन! परवा मेघा ई राह्यनी बाळंतपणले. घरमा बाळंतीण, पाळणामा लेकरू, आनि आठे ही पांढरी बया घरभर फिरी? मांजर लेकरूना तोंडवर जाई बसस, माहीत शे का तुले? आज प्रेमराज धुळे जाई राह्यना. मी त्याले पोतं काढी दिधेल शे. मार्केटमा सोडी देई. तठे उंदीर मुबलक शेतस.

प्रेमराज: अक्का, गाडी काढी मी. सारिका, दे ती इकडे.

सारिका: हात लावून दाखवा.

प्रेमराज: अगं, मांजर आहे ते. कुठंही जगतं. मला दहाच्या आत धुळ्यात पोचायचंय.

सारिका: मग आधी तुमच्या घरची रीत सांगा मला. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात अक्कांनी मला पाठ करायला लावली होती. या उंबऱ्याबाहेर गाभण जीव काढायचा नाही. शिरपूरचा व्यापारी दिवसभर दारात बसून गेला, तरी तुमच्या आबांनी गाभण म्हैस दिली नाही. गावभर सांगता ना हे?

भिकुबाई: सांगस. आनि मोडाव बी नई. पण ती रीत गाभण जनावरनी शे, जंतनी नई. हाई पोट जंतनं शे. आठ महिनानी पोर ती, तिले कोठला गाभ?

सारिका: आठ महिन्यांच्या मांजरीला राहतो. सहा महिन्यांच्या पण राहतो. महिन्यापूर्वी पत्र्यावर चढून रात्रंदिवस ओरडत होती, आठवतंय? तुम्हीच बादली फेकून मारलीत. त्यानंतर एकदाही ओरडली नाही. कशामुळे?

भिकुबाई: बादली लागनी म्हनीसन.

सारिका: आणि खाते दुप्पट, ते पण बादलीमुळे? कपाटाखाली जुन्या लुगड्यात जाऊन बसते, ते?

भिकुबाई: तू दूध पाजी पाजी तिले माजाडेल शे. सारिका, माले शिकाडू नको. चाळीस वरीस व्हयनात, कोनी बी म्हैस ऱ्हावो, माले बलावतस. सकाळमा थंड पानी पाजस, उजवी कूसले हात लावस आनि सांगी देस. डॉक्टर हातमोजा चढावस तवलगून मी चहा पीसन घर येस. आते बी लावा मी हात. उजवी कूस रिकामी शे. बठ्ठी रिकामी.

सारिका: उजवी कूस?

भिकुबाई: मंग?

सारिका: अक्का, ही म्हैस नाही! म्हशीला डावीकडे चाऱ्याचं पोट असतं, म्हणून रेडकू उजवीकडे लागतं हाताला. मांजरीला तीन-चार पिल्लं राहतात, दोन्ही बाजूंना. डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. तुम्ही डावीकडे हात तरी लावलात का?

प्रेमराज: अक्का, हाई तं बरोबर शे तिनं.

भिकुबाई: तू गप ऱ्हाय. बायकोनी वकिली करू नको. पोट ते पोट. मना हात चाळीस वरीसमा एक डाव बी चुकना नई.

सारिका: एकदाही नाही?

भिकुबाई: एक डाव बी नई.

सारिका: ऐकलंत का हो? अक्का काय म्हणाल्या?

प्रेमराज: सारिका, जाऊ दे. आत्ता नको.

सारिका: दोन वर्षं झाली, तुमचं ‘आत्ता नको’ चालूच आहे. दिवाळीनंतरची कापूस वेचणी. माझी पाळी चुकली होती. मेडिकलमधून पट्टी आणली, तिच्यावर दोन रेघा आल्या. मी धावत येऊन तुम्हाला दाखवली, अक्का. आईला फोन करायच्या आधी तुम्हाला दाखवली. काय केलंत तुम्ही?

भिकुबाई: ते काय आते...

सारिका: चुलीत टाकलीत. मला याच ओट्यावर आडवं पाडलंत, पोटावर हात फिरवलात आणि म्हणालात, काही नाही, अंगात गरमी आहे, ऊठ. दुसऱ्या दिवसापासून शेतात. चार दिवस कापसाची गाठोडी डोक्यावरून गाडीपर्यंत नेली मी. पाचव्या दिवशी बांधावरच बसले.

भिकुबाई: पट्टी बी चुकस. तुनी पाळी लांबेल व्हती, ती उनी. तेवढंच.

सारिका: तेराव्या वर्षापासून पाळी बघतेय मी. ती पाळी नव्हती.

प्रेमराज: हळू बोल ना. बाजूला ऐकू जातं.

सारिका: जाऊ दे! बाजूच्या सुनंदाबाईंना अक्कांनीच सांगितलं होतं, काम टाळायला सून नाटक करते म्हणून. मेघाताईंना फोनवर सांगितलं, तुझ्या वहिनीला काहीच नव्हतं. आणि तुम्ही? मी त्या दिवशी म्हटलं, मला जळगावला दाखवायला न्या. नेलंत?

प्रेमराज: अक्का म्हणाली, काही नाही म्हणून... मला काय कळतं त्यातलं?

सारिका: अक्का म्हणाली. आज पण अक्का म्हणाली, आणि तुम्ही पोतं घेऊन उभे राहिलात.

भिकुबाई: असं शे का! दोन वरीस मनमा डूख धरेल व्हता, आनि आज मांजर पुढे करीसन काढा. तुले मांजरशी काई घेनं नई. तुले फक्त मनं तोंड काळं करानं शे.

सारिका: मांजरीशी घेणं आहे. या घरात माझ्या मांडीवर बसणारी ती एकटीच आहे. आणि डूख म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. मी रडायला लागले की तुम्ही म्हणायच्या, कशाला रडतेस, काही होतंच कुठं? मग ठेवू कुठं ते? मनातच ठेवलं.

प्रेमराज: अक्का, मी जाऊ का? मांजरचं नंतर देखूत.

भिकुबाई: नई. आजच. घरमा कोनाना शब्द चालस ते आज समजू दे.

सारिका: चालेल. मग असं करा. मी तिला धरते. तुम्ही परत हात लावा, दोन्ही बाजूंना. हळू, दाबायचं नाही. आणि काय ते एकदाच सांगा. नाही म्हणालात तर मी माझ्या हातानं तिला पोत्यात घालते. एक शब्द बोलणार नाही.

प्रेमराज: सारिका, काय बोलतेस?

सारिका: दहा दिवस मागत होते फक्त. तेव्हाही खात्री व्हायला मला दहाच दिवस हवे होते. ते नसतील द्यायचे तर लावा हात.

(भिकुबाई मांजरीच्या पोटाखाली हात घालते. बराच वेळ काढत नाही.)

प्रेमराज: अक्का? शे का नई?

भिकुबाई: थांब.

प्रेमराज: माले उशीर व्हई राह्यना.

भिकुबाई: थांब म्हनस ना! हाई डावी बाजूले कायतरी लागस. बोरएवढं. नईतर आतडं बी ऱ्हाई.

प्रेमराज: म्हंजे काय समजू मी?

भिकुबाई: माले समजत नई.

प्रेमराज: तुले समजत नई?

भिकुबाई: कितला डाव सांगू? नई समजत. ते पोतं ठी दे घरमा.

प्रेमराज: आनि परवा मेघा उनी म्हंजे?

भिकुबाई: तिले मधली खोली दे. दारले जाळी ठोकी दे. दहा दिन देखूत. जा आते, उशीर व्हई राह्यना ना तुले?

प्रेमराज: सारिका, मी... संध्याकाळी बोलू आपण.

सारिका: तुम्ही निघा.

भिकुबाई: गया तो. आते व्हयनं तुना मनसारखं?

सारिका: नाही.

भिकुबाई: मांजर ऱ्हायनी, पोतं घरमा गयं, पोरासमोर मी खाली मान घाली. आजू काय जोयजे तुले?

सारिका: मांजरीसाठी तुम्हाला ‘समजत नाही’ म्हणता आलं. माझ्या वेळी का नाही आलं?

भिकुबाई: पोतं कोठे ठी गया तो?

सारिका: बोला ना. आता इथं दुसरं कोणी नाही.

भिकुबाई: तवय बी समजेल नव्हतं.

सारिका: काय?

भिकुबाई: तुना पोटवर हात ठेयेल व्हता ना, तवय बी माले काईच समजेल नव्हतं. इतला लवकर कोनाले समजस? म्हशीनं बी पाच-सहा महिनाशिवाय हातले लागत नई.

सारिका: मग ‘काही नाही’ कशावरून सांगितलंत मला?

भिकुबाई: कापूस वावरमा फुटेल व्हता. मजूर भेटत नव्हतात. आनि बठ्ठं गाव माले इचाराले येस. तेनामा घरनी सूननं माले समजत नई, असं कसं सांगू?

सारिका: मग पुढं दोन वर्षं मला खोटं का पाडत राहिलात?

भिकुबाई: एक डाव सांगी चुकनू. मंग ते खरं करानं पडनं.

सारिका: माझ्या आईला पण तुम्ही हेच सांगितलंत. ती मला समजवायला आली होती, नाटकं करू नकोस म्हणून. माझी आई, अक्का.

भिकुबाई: माहीत शे.

सारिका: मी तुम्हाला माफ नाही करणार.

भिकुबाई: कोन मांगस माफी? मी मांगी का?

सारिका: मेघाताई आल्या की त्यांना सांगायचं. फोनवर सांगितलंत ते खोटं होतं म्हणून. माझ्यासमोर सांगायचं.

भिकुबाई: पोटुशी पोरले असं सांगू?

सारिका: बाळंत झाल्यावर सांगा. पण सांगा.

भिकुबाई: सांगसू. चाल, चहा टाक.

सारिका: तुम्ही टाका. ती झोपलीय मांडीवर, मी उठत नाही.

भिकुबाई: टाकस. सारिका...

सारिका: काय?

भिकुबाई: कितला दिन व्हयेल व्हतात तुले?

सारिका: बावन्न.