शेरूचा बसलेला आवाज

कुत्र्याचा आवाज बसला म्हणून कोणी डॉक्टरकडे आल्याचं ऐकलंय? माझ्याकडे आलं होतं. मोहर्लीला मी जनावरांचा डॉक्टर होतो, तेव्हा गावाच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या शेवंताबाई शेरूला उचलून घेऊन आल्या.

"साहेब, चार दिस झाले, हा भुंकूनच नाई राह्यला."

मी घसा तपासला, ताप पाहिला. सगळं ठीक होतं.

"बाई, चार दिसाआधी काई झालं होतं का?"

"बिबट आला होता आंगणात. हा माह्या खाटेखाली घुसला. तवापासून मुका."

"मंग रोग नाई बाई, भेला हाये तो. रात्री जवळ घेऊन झोपत जा. भेव जाईन."

शेवंताबाईंनी शेरूला छातीशी धरलं.

"कोनाचं जाईन साहेब? त्याचं का माहं?"