न वाळलेला ओटा

शनिवारी टाउन्सव्हिलच्या रंगाच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. त्याच्या हातात लाकडाच्या रंगाचा डबा होता.

“हा तिसरा हात दिला ना नोलीन, की बघ कसा चमकतो आपला अंगणातला लाकडी ओटा!”

“आधीचे दोन वाळलेत का, क्लाइव्ह? कुत्रा चार पावलं चालला की त्याला उचलून सोडवावं लागतं.”

“लाकूडच तेलकट, त्याला मी काय करू?”

“शेजारच्या मर्विनचं लाकूडही तेच. त्यानं पावसाळाभर उघडं ठेवलं, तेल धुऊन जाऊ दिलं, मग रंगवलं.”

“पावसाळाभर! मी तर हसलो होतो त्याला.”

“हो, कुंपणावरून. सगळ्या गल्लीनं ऐकलं.”

“हे बघ, पोरीचं लग्न आपल्याच ओट्यावर लागणार. मी शब्द दिलाय तिला.”

“पांढरा झगा आहे तिचा. उभी राहील रे, पण तिथून हलेल कशी?”

“मग काय, ऐन वेळी लग्न मोडायचं?”

“छे! लग्न मर्विनच्या ओट्यावर आहे. कालच ठरलं.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“सांगतेय ना आता. तुलाही बोलावलंय त्यानं. ते चिकट बूट तेवढे कुंपणापाशी काढून ये म्हणाला.”