रुसलेला सासरा आणि टेकवलेला चेंडू

मंडळी, एक विचारतो. लाजू नका, खरं सांगा. त्याग तुम्हाला आवडतो का?

बघा, सगळ्या माना हलल्या! पुढच्या रांगेतल्या काकांची तर जरा जास्तच हलली. त्याग सगळ्यांनाच आवडतो! कथेत त्याग आला की आपले डोळे भरून येतात. मग मला सांगा, एवढा आवडतो तर तो घरात दिसत का नाही? जातो कुठे?

त्याचं उत्तर आज अमेरिकेतून आणलंय. ऐका.

मिरजेचे नरहरअण्णा टोणपे. पोस्टातून निवृत्त झालेले, विधुर. स्वभावानं भिडस्त. दुकानात सुटे पैसे परत मागायला लाजणारा माणूस! त्यांची एकुलती लेक ऋजुता अमेरिकेत ओहायोला. तिला सातवा महिना लागला, म्हणून अण्णा तिकडे गेले. जावई कौस्तुभराव. मुलगा सोन्यासारखा, पण नोकरी कसली? बेसबॉलच्या एका धंदेवाईक संघात संगणकावर आकडे मांडायचे आणि सांगायचं, कुणी कधी काय खेळावं. संघाचं नाव काय, माहितीय? घुबडं!

हसू नका! अण्णा आधी दचकलेच. ‘लेकीच्या घरात घुबडाचं अन्न?’ मग मनाशी म्हणाले, ‘लक्ष्मीचं वाहन आहे. चालायचंच.’

आता हा खेळ कसा, ते दोन वाक्यांत सांगतो. मैदानात चार ठाणी, त्यातलं एक घर. फळीवाला चेंडू मारून घरापासून पळत सुटतो, पहिलं, दुसरं, तिसरं ठाणं शिवतो आणि परत घरी येतो. घरी पोचला की धाव! झालं, समजलं. वेदांतापेक्षा सोपं आहे.

अण्णांना याची गोडी लावली शेजारच्या वॉल्टरनं. वॉल्टर म्हणजे गावातला म्हातारा न्हावी. तो सांगायचा, “अण्णा, पूर्वीचे खेळाडू बघायला हवे होतेस! उन्हाळ्यात खेळायचे, हिवाळ्यात गिरणीत कामाला जायचे. माझ्याच खुर्चीत दाढीला बसायचे. सामना हरला की मी मुद्दाम बोथट वस्तरा काढायचो! आताचे बघ. कानात गाण्याची बोंडं घालून बसमधून उतरतात आणि तसेच बसमध्ये चढतात. चेंडू फेकणाऱ्याच्या समोरसुद्धा घड्याळ लावलंय. खेळ आहे की आगगाडी?”

आणि एक जुना डाव वॉल्टरनं शिकवला. अण्णा त्यावर भाळले! आपला गडी तिसऱ्या ठाण्यावर अडकलाय. अशा वेळी फळीवाला जोरात मारत नाही. फळी नुसती आडवी धरतो, चेंडू हळूच टेकवतो. चेंडू पायाशी घरंगळतो. तो उचलून फळीवाल्याला बाद करेपर्यंत तिसऱ्यावरचा गडी घरी! आपण बाद व्हायचं, दुसऱ्याला घरी पोचवायचं. आणि तिथले लोक या डावाला नाव काय देतात? त्याग! अहो, खरंच! आणि तसा बाद झाला तर त्याच्या नावावर अपयश धरत नाहीत.

अण्णांना गहिवरून आलं. मनात ओवीच जुळली:

फटका मारी तो गाजे गावात ।
बाद होई तो पोचवी घरात ॥

पण घुबडं काही टेकवेनात! जो येतो तो फळी गरगर फिरवतो. अण्णांनी एकदा जेवताना विचारलं, “जावईबापू, तुमची माणसं टेकवत का नाहीत?”

“अण्णा, परवडत नाही. हजारो सामने तपासलेत. टेकवण्यानं एकंदरीत धावा कमीच होतात. मीच नको म्हणून सांगितलंय.”

“तुम्ही? तुम्ही त्याग बंद केलात?”

“अहो अण्णा, तो नुसता डाव आहे.”

“तुमच्या यंत्राला काय कळणार त्याग!”

तेवढ्यात ऋजुता बोलली. लेकीच बोलतात, मंडळी, जावयाची काय टाप! “अण्णा, त्यागाचं तुम्ही बोलताय? आल्यापासून टीव्हीचा रिमोट दुसऱ्या कुणाच्या हाताला लागलेला नाही!”

झालं! अण्णा ताटावरून उठले. “मी मिरजेला जातो. उद्याचं तिकीट काढा.”

आता गंमत बघा. रुसायचा मान कुणाचा? जावयाचा! सासुरवाडीला यायचं, कोपऱ्यात तोंड फुगवून बसायचं. मग सासरा विचारतो, “काय हवं?” अंगठी, घड्याळ, गाडी! काही जावई तर वरण अळणी झालं म्हणून मोटारसायकल घेऊन गेलेत. तबलजी, खाली बघू नका, तुमचं नाव घेतलं नाही मी! इथे सगळं उलटं. जावयाच्या घरी सासरा रुसला! दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलेना. पोटुशी लेक डोळे पुसत फिरतेय. शेवटी कौस्तुभरावच दाराशी उभे राहिले. “अण्णा, रुसवा कशानं जाईल?”

आणि सासऱ्यानं काय मागितलं? अंगठी नाही, शालजोडी नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “एकदा टेकवा म्हणावं.”

आला शनिवार. मोठा सामना! कौस्तुभरावांची नोकरी वर्षाच्या करारावर, आणि करार संपत आलेला. तरी सामन्याआधीच त्यांनी मॅनेजरला सांगून ठेवलं, “शेवटी एका धावेनं मागे असलो आणि गडी तिसऱ्यावर असला, तर टेकवा.” आणि नशीब बघा, नेमकी तीच वेळ आली! एक धाव कमी, गडी तिसऱ्यावर. तिघे बाद झाले की डाव संपतो, त्यातला एक आधीच बाद. फळी आडवी झाली. मैदानात वॉल्टरशेजारी बसलेले अण्णा खुर्चीवर उभे! “वॉल्टर, टेकवतोय! टेकवतोय रे!”

टेकवला. चेंडू जमिनीवर घरंगळायचा, तो उडाला वर! फेकणाऱ्यानं अलगद झेलला — फळीवाला बाद. तिसऱ्यावरचा गडी तोवर घराकडे पळत सुटलेला. आणि झेल गेला की पळणाऱ्यानं माघारी येऊन आपलं ठाणं शिवायचं असतं! चेंडू त्याच्या आधी तिसऱ्या ठाण्यावर — तोही बाद! एका चेंडूत दोघे. सामना खलास!

अख्खं मैदान ओरडलं, “कुणाची अक्कल ही?”

अण्णा हळूच खाली बसले. टोपी कपाळावर ओढली.

वॉल्टर म्हणाला, “खेळाडूच कच्चा. डाव चांगला होता.” बघा, भक्त कसा असतो! अण्णा जावयाला शोधत आत गेले, तर मॅनेजरच्या खोलीचं दार अर्धं उघडं. सहा फुटी माणूस सूर्यफुलाच्या बिया चावत ओरडतोय, “वर्षभर नको म्हणालास, आणि आजच का?”

आणि कौस्तुभराव खाली मान घालून म्हणतायत, “माझी चूक, साहेब. माझं गणित चुकलं.”

मंडळी, गणित चुकलं होतं का? नव्हतं! सासऱ्याचं नाव घेतलं असतं तर सुटले असते. घेतलं नाही! आल्यापासून अण्णा खुर्चीत बसून ज्याची वाट बघत होते, तो त्याग दाराच्या फटीतून दिसत होता. आणि करत कोण होतं? यंत्रवाला!

अण्णांचे पाय मागे वळले. खोटं कशाला बोलू? मनात आलं, ‘आपण परक्या मुलखातले. आपलं इंग्रजी पोस्टातलं. उद्या न्हाव्याच्या दुकानात गावभर होईल.’ पण कानात लेकीचा आवाज आला. रिमोट!

ढकललं दार. “साहेब, टेकवायचा हट्ट माझा. मी रुसलो होतो. यांचं गणित बरोबर आहे. बाद करायचं तर मला करा.”

मॅनेजर चावायचा थांबला. “म्हातारबा, तुम्ही माझ्या संघात नाही. तुम्हाला बाद कसं करू?”

“मैदानात येऊ देऊ नका,” अण्णा म्हणाले. “मला... तेवढंच आवडतं इथलं.”

मॅनेजरनं आणखी एक बी तोंडात टाकली. मग म्हणाला, “कबूल. हा हंगाम संपेपर्यंत यायचं नाही. आणि पोरा, तू सोमवारी कामावर ये. येताना सासऱ्याला घरी ठेवून ये!”

पुढच्या सामन्याला जावई मैदानात आणि अण्णा स्वयंपाकघरात, रेडिओ लावून लसूण सोलतायत. घुबडांनी एकदाही टेकवलं नाही, आणि जिंकली! अण्णांनी लसणाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. वॉल्टरचा फोन आला, “जिंकले, पण जुनी मजा नाही राहिली.”

अण्णा म्हणाले, “जुना खेळ गोडच होता, वॉल्टर. पण तेव्हाही बाद व्हायला एकच जण उठायचा. बाकीचे आपल्यासारखे बसूनच असायचे.”

तर मंडळी, त्याग जातो कुठे? समोरच्याच्या अंगणात! आपण खुर्चीत बसायचं आणि ‘वा, वा’ म्हणायचं. भाऊ जमीन सोडतो, आपण त्याचं कौतुक करतो. सून नोकरी सोडते, आपण चारचौघांत तिचं नाव काढतो. आपण काय सोडलं? शेवटचा लाडू तरी?

देवाला आता हात जोडा. आरती होईल, प्रसाद मिळेल. त्यानंतर या सगळ्या सतरंज्या उचलायच्या आहेत. मघाशी माना हललेल्या मी पाहून ठेवल्यात. काका... निघालात कुठे?