दोन बोटं सैल

—हलू नका, काकाजी. हलू नका म्हटलं ना! मघाशी घारीचं पहिलं नख काढताना तुम्ही हात मागे ओढलात आणि तळव्यात आणखी अर्धा इंच चीर गेली — ती माझ्या चिमट्याने नाही, तुमच्या ओढण्याने गेली, एवढं ध्यानात ठेवा. हे नख सरळ ओढून निघत नसतं. धरलेला मासा निसटू नये म्हणूनच ते असं वाकडं असतं. आलं त्याच वाटेने, बाकाबाकाने परत न्यावं लागतं. मी डॉक्टर आहे ती पक्ष्यांची, माणसांची नव्हे, पण दवाखान्यात जायला तुम्ही घाबरलात, तेव्हा आता सोसा. दुखतं? दुखू द्या. तळव्यात रुतलेला तिचा पाय तुम्ही विळ्याने कापलात. जिवंतपणी की मेल्यावर? — मेल्यावर. बरं. ते मी तपासेन. गोदावरीकाकू, आणखी गरम पाणी आणा, आणि रडायचं तर आत जाऊन रडा. विळा यांच्या हातात तुम्हीच आणून दिलात ना?

तर तुमचं म्हणणं, ती आधीच मेलेली सापडली. मेलेला पक्षी माणसाच्या तळव्यात नखं रुतवतो? हे तिच्या पाठीवरचं यंत्र बघा — काडेपेटीएवढं. ती कुठे आहे, किती हलते, सगळं माझ्या फोनवर येतं. आज सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी तिने तुमच्या बोडीवर, या तळ्यात सूर मारला. त्यापुढची एकोणीस मिनिटं म्हणजे — रेघा नाहीत, काकाजी, नुसता काळा गठ्ठा, इतकी ती तडफडली. मग तीन ठोके. वेगवेगळे, मोजून तीन. मग सपाट रेघ. ते ठोके कसले हे मला समजावू नका. बांधावरच्या दगडाला रक्त आणि पिसं चिकटलेली मी येतानाच पाहिली. मेलेली सापडली म्हणे!

चार पिल्लं होती. पुस्तकात यांना कैकर म्हणतात, तुमच्यासाठी ती मासेखाऊ घार. मंगोलियात, नदीकाठच्या वठलेल्या झाडांच्या शेंड्यांवर घरटी — जुलैत मी स्वतः दोराने वर चढले आणि चौघांच्या पाठीवर यंत्रं बांधली. पहिलं विजेच्या खांबावर बसलं, जळून कोळसा झालं. दुसऱ्याला घुबडाने फाडलं. आम्हाला दोन पंख मिळाले, मध्ये काहीच नाही. तिसरं तिबेटच्या पठारावर गोठलं. आणि ही — हिला वाट कोणी दाखवली? कोणी नाही. आई आधीच निघून गेलेली असते. पिल्लू जन्मात पहिल्यांदा उडतं ते एकटंच. एकटी हिमालय ओलांडून आली आणि उतरली कुठे? माझ्या गावापासून, सानगडीपासून अकरा किलोमीटरवर. योगायोग. त्यात अर्थ शोधणाऱ्यांतली मी नव्हे. पण काल मी आईकडे मुक्कामाला आले — आई म्हणते, ‘मेघे, एका घारीले पाहाले एवढ्या लांबून आली व?’ — आले, कारण आज सकाळी मी गुड्डीला... या पक्ष्याला डोळ्यांनी पाहणार होते. आम्ही नावं ठेवत नाही. क्रमांक देतो. क्रमांकच असतो.

काहून मारलं तुम्ही तिले? काहून? दिवसाच्या दोन मासोळ्या खाते ते पाखरू, दोन! त्यासाठी दगडावर आपटाचं? मले वाटते तुमचा हा हात असाच दगडावर — ... माफ करा. चिमटा जोरात दाबला गेला. चुकून नाही, मुद्दाम दाबला. खोटं कशाला बोलू?

काय म्हणालात? मोठ्याने बोला. ‘सोडवाले गेलतो’? जाळ्यातून? हं. पकडला गेलेला प्रत्येक माणूस सोडवायलाच गेलेला असतो. ठीक आहे, तपासू. बोटुकली, माशांची पिल्लं वाचावी म्हणून तुम्ही पाण्यावर जाळं ताणलंय, ते सगळेच ताणतात, त्यात गुन्हा नाही. ती त्यात अडकली असेल, तर नायलॉनचा धागा नखांत सापडेल. हे दुसरं नख — निघालं, श्वास सोडा — स्वच्छ आहे. धागा नाही. आता तिला इकडे द्या. दुसरा पाय? नाही. पंख? डावा नाही, उजवाही नाही. म्हणजे जाळ्याने तिला धरलेलंच नाही, म्हणजे तुम्ही खोटं —

थांबा. कात्री द्या माझी. तिच्या टोकाने ही छातीवरची पिसं जरा बाजूला... जाळ्याचा तुकडा इथे आहे. यंत्राच्या पट्ट्याखालून गेलाय. दोनदा, पीळ पडून.

एक बोट. नियम एका बोटाचा आहे, काकाजी. विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत मीच लिहिलाय: पट्टा आणि अंग यांच्यामध्ये एक बोट जावं, दुसरं जाऊ नये. आता बघा — दोन जातात. आरामात जातात. पिल्लू हडकुळं होतं. अंग धरेल, मग पट्टा काचेल, असं मला वाटलं. वाटलं! दुसऱ्या कोणी ‘वाटलं’ म्हटलं तर मी त्याला वर्गाबाहेर काढते. आणि नोंदवहीत लिहिलं: एक बोट. ती पाच हजार किलोमीटर उडून आणखी वाळली, पट्टा आणखी लोंबला. अंगासरशी असता तर जाळं पिसांवरून घसरलं असतं, गुड्डी मासा घेऊन उडाली असती. तुम्ही हात घातलात. तिने तो धरला, आरपार धरला. मग तुम्ही आपटलंत. तीनदा. मीही आपटलं असतं, कोणीही आपटलं असतं. एकोणीस मिनिटं मात्र... ती माझी.

गाडी आली वाटतं. वनखात्याची, साकोलीहून. मीच बोलावली — एका माणसाने मारून टाकली, पाय कापला, असं सांगून. तुरुंग आहे यात, तुम्हाला ठाऊक नसेल. आणि हा पट्टा बघा, इथून एकदा कापला की झालं. कशात अडकली हे कोणाला कळायचं नाही. उरेल फक्त तुमचा फाटलेला हात आणि दगडावरची पिसं. मला कोण विचारणार? विचारणारी तर मीच असते.

उठा. फडकं घट्ट दाबून धरा. त्यांच्याच गाडीत बसून दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि विचारलं तर जसं झालं तसं सांगा — सोडवायला गेलो होतो, हे आधी सांगा. ते आत येईपर्यंत तिला मी राखते. काकू, तुम्हीही जा यांच्यासोबत.

आणि ही कात्री घेऊन जा. चिमटा नाही, कात्री. चांगल्या हाताने धरा. माझ्यापाशी ठेवू नका, काकाजी. — पाहता काय असे? जा म्हटलं ना. जा!