जास्त जोरात कोण मारतो

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीत सांडोरच्या अँटनशी माझी मैत्री एका फाशापायी तुटता तुटता राहिली, ते सांगतो. त्याच्या बोटीवरच्या मामाने राक्षस मारायचा एक कागदावरचा खेळ आणला होता. आधी एक फासा टाकून वार लागला की हुकला ते ठरवायचं, मग दुसऱ्यावर जेवढा आकडा पडेल, तेवढा राक्षसाचा जीव कमी. अँटनकडे कुऱ्हाड, माझ्याकडे तलवार. जो जास्त जोरात मारतो त्यानेच राक्षसाला संपवायचं ठरलं आणि आमची जुंपली.

मग दोघांनी शंभर शंभर वेळा फासे टाकून सरासरी काढली. कुऱ्हाडीचा वार मोठा, पण ती निम्म्या वेळा हुकायची. हुकलेले वार धरायचे की नाही, यावरून अँटन रागाने उठून निघाला.

तेवढ्यात त्याची मोठी बहीण फिलोमिना ओट्यावर आली. ती माणिकपूरला गणित शिकवायची. वही बघून तिने विचारलं, “राक्षसात जीव किती उरलाय?”

मी पान उलटलं. “एक.”

“मग कोणीही मारा की.”

अँटन परत बसला. पडेल आवाजात म्हणाला, “तूच मार.”

मी वार केला आणि नेमका हुकलो. राक्षसाच्या वतीने फिलोमिनाने फासा टाकला, आणि आम्ही दोघं एका फटक्यात मेलो.

वही मिटत ती म्हणाली, “सरासरी काढायची तर राक्षसाची काढायची होती.”